कीर्तनाचा कोलू

आपण कशासाठी जन्मलो हे कीर्तनाला फार लवकर कळलं. ते तिला सईबाई आत्यानं सांगितलं, आणि तेही कौतुकानं. तांबरमच्या घरात चकलीसारख्या मुरुक्कूचं पीठ मळता मळता आत्या म्हणाली होती, “तुझा हरीअण्णा बोलेना, कोणाच्या डोळ्यांकडे बघेना. डॉक्टर म्हटला, ऑटिझम. तेव्हा मीच तुझ्या अप्पाला सांगितलं गे, की व्यासा, अजून एक होऊ दे. तुम्ही दोघं गेल्यावर हरीला कोण?” कीर्तना तेव्हा दुसरीत होती. तिला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नाही. उलट पुढे शाळेत स्वतःविषयी निबंध लिहायला सांगितला, तेव्हा पहिलंच वाक्य तिनं लिहिलं की मी माझ्या भावासाठी जन्मले. बाईंनी त्या वाक्याशेजारी चांदणी काढली.

चेन्नईच्या वेलचेरीतल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या तंजावूरकडच्या मराठी घरात वाईट माणूस कोणीच नव्हतं. एखादं असतं तर कीर्तनाचं काम सोपं झालं असतं. वडील व्यासराज विमा कचेरीत कारकून होते. संध्याकाळी घरी आले की शर्ट न बदलता हरीला फिरायला न्यायचे. आई सीतालक्ष्मी पूर्वी शाळेत गणित शिकवायची. हरी चार वर्षांचा असताना तिनं नोकरी सोडली आणि तेव्हापासून तिचा सगळा दिवस त्याच्याभोवती गुंडाळलेला होता. हरिप्रसाद आता एकवीस वर्षांचा, वडिलांपेक्षा उंच. मोजके शब्द बोलायचा, बाकी वेळ एकाच सुरात गुणगुणायचा. रागावला तर स्वतःचा हात चावायचा, दुसऱ्याला त्यानं कधी बोट लावलं नाही.

त्याला कुकरची शिट्टी सोसत नसे. म्हणून शिट्टी व्हायच्या आधीची फुसफुस ऐकून कीर्तना असेल तिथून उठायची आणि त्याचा हात धरून त्याला बाल्कनीत न्यायची. गणित अर्धं राहिलेलं असो, केसात कंगवा तसाच अडकलेला असो. पाहुणे हे बघायचे आणि म्हणायचे, किती समजूतदार पोर. कोणी मराठीत म्हणायचं, कोणी तमिळमध्ये, कोणी इंग्रजीत. कीर्तना तिन्ही भाषांत सारखंच हसायची.

तिला एकच गोष्ट हवी होती, आणि ती सांगितली तर लोक हसले असते. तिला कोणाला तरी घरी बोलवायचं होतं.

नवरात्रात ते फार टोचायचं. तेव्हा त्या भागात घरोघर कोलू मांडतात. पायऱ्या रचायच्या, त्यांवर पांढरं धोतर अंथरायचं, आणि वर देवांपासून खाली वाण्या-भाजीवाल्यांपर्यंत मातीच्या बाहुल्या बसवायच्या. संध्याकाळी मुली रेशमी परकर नेसून घरोघर बघायला जातात, एखादं गाणं म्हणतात, सुंडलची, म्हणजे खोबरं घातलेल्या उसळीची, वाटी आणि हळदकुंकू घेतात, आणि निघताना म्हणतात, “आमच्याकडेही या हं.” ते म्हटल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. कीर्तनाला ते म्हणता यायचं नाही. ती चपला शोधत असल्यासारखी खाली वाकायची आणि तशीच जिन्याकडे निघायची. सहावीत गेल्यावर तिनं जाणंच सोडलं.

कोलू त्यांच्याही घरी होता. आईच्या आईच्या बाहुल्या, तंजावूरहून आलेल्या, माळ्यावर खोक्यांत जुन्या सुती साड्यांत गुंडाळलेल्या. कीर्तना लहान असताना एका वर्षी हरीनं खालचं धोतर ओढलं आणि दशावतारातले सहा अवतार एका क्षणात गेले. त्यानंतर खोकी उतरली नाहीत. खंड पडू नये म्हणून आई दरवर्षी फक्त लाकडाची राजा-राणी काढायची, देवघराच्या कपाटात नऊ दिवस ठेवायची आणि पुन्हा गुंडाळायची.

कीर्तना अकरावीत असताना हरीच्या थेरपी सेंटरमध्ये एक नवीन मानसतज्ज्ञ आली. स्वरदा तिचं नाव, पुण्याची, नुकतीच चेन्नईत आलेली. शनिवारी दुपारी तिनं मुलांच्या भावंडांसाठी एक गट सुरू केला. कीर्तनाचं बोलणं ऐकून ती खूश झाली.

“किती गोड मराठी आहे गं तुझी! अगदी माझ्या पणजीसारखी.”

“तुमची टीव्हीसारखी आहे मॅम,” कीर्तना म्हणाली. दोघी हसल्या.

घरी आल्यावर आईनं विचारलं, “आज हरीसाठी काय शिकवलं?”

“काही नाही. चित्रं काढली.”

“चित्रं?” आई जरा खट्टू झाली. “पुढच्या वेळी विचार त्यांना, त्याच्या झोपेचं काय करायचं.”

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी स्वरदानं प्रत्येकाला विचारलं, घरात फक्त तुझं असं काय आहे? एका मुलाची सायकल होती, एकीचं कपाट. कीर्तनानं बराच विचार केला.

“बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागची जागा. मशीनचा आवाज होतो ना, अण्णा तिकडे येत नाही.”

“आणि मशीन बंद असलं की?”

“मग ती त्याची.”

मुलं हसली, कीर्तनाही हसली. स्वरदा हसली नाही. त्या संध्याकाळी तिनं व्यासराजांना थांबवून घेतलं आणि बराच वेळ बोलली. ‘घरात एक तरी गोष्ट या मुलीची एकटीची असू द्या. लहान चालेल, पण तिचीच. तिथे हरीला आणू नका.’

स्कूटरवरून परतताना विजयनगरच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते मागे न वळता म्हणाले, “कीर्तू, तुला काय पाहिजे, सांग. काहीही.”

“कोलू,” ती म्हणाली.

सिग्नल सुटला, मागच्या शेअर ऑटोवाल्यानं हॉर्न वाजवला, तरी ते काही क्षण तसेच उभे राहिले.

त्यांनी शब्द पाळला. कीर्तना आईबरोबर जिथे झोपायची ती आतली खोली नऊ दिवस कोलूची ठरली. दाराला वरच्या बाजूला, हरीला उघडता येणार नाही अशी, नवी कडी बसली. बाहुल्या खाली उतरल्या. साड्यांच्या घड्यांतून एकेक चेहरा बाहेर येत होता आणि आई प्रत्येकाला ओळखत होती. “ही बघ, हिचं नाक मी फोडलेलं. आईनं धपाटा घातला होता.” आई इतकी बोलू शकते हे कीर्तनाला माहीत नव्हतं.

दरवर्षी एक तरी नवी बाहुली आणायची असते. म्हणून बाप-लेक मैलापूरला देवळाजवळच्या बाहुल्यांच्या रस्त्यावर गेले. कीर्तनानं पंगत पसंत केली. केळीच्या पानांवर जेवायला बसलेली बोटभर उंचीची माणसं, एकाचा हात तोंडाशी, एकाचा द्रोणाकडे, आणि कमरेत वाकलेला वाढपी. व्यासराजांनी वाढप्याला वेगळा उचलून पाहिला तेव्हा विक्रेती म्हणाली, “सार, त्याला एकट्याला नेऊ नका. ही सगळी उपाशी बसतील, आणि शाप मला देतील.” व्यासराज मोठ्यानं हसले. येताना खोकं कीर्तनानं मांडीवर घेतलं, कोणाला हात लावू दिला नाही.

सगळ्यात खालच्या पायरीपुढे मुलांनी आपल्या मनानं बाग करायची असते. कीर्तनानं वेलचेरीच केली. आरशाचा तलाव, पुठ्ठ्याचा रेल्वेपूल, त्याखाली काड्यापेटीच्या शेअर ऑटो. गवतासाठी तिनं आठवडाभर आधी आइस्क्रीमच्या डब्यांच्या झाकणांत मोहरी पेरली होती. ती छान उगवली. अमावस्येच्या संध्याकाळी राजा-राणी वरच्या पायरीवर बसली, दिवा लागला, आणि कीर्तना दाराशी उभी राहून आपलं काम बघत राहिली. तिच्या मागे आईनं हळूच कडी लावली.

दोन दिवसांनी ती किती तरी वर्षांनी रंजनीच्या घरी कोलूला गेली. रंजनी तिच्या वर्गातली, बडबडी. गाणं झालं, सुंडल झालं, कुंकू झालं. चपला घालून झाल्यावर कीर्तना ताठ उभी राहिली आणि म्हणाली, “शनिवारी आमच्याकडे या. तुम्ही सगळ्या.”

“अखेर!” रंजनी ओरडली. “मला वाटलं होतं तुझं घर म्हणजे एअर फोर्सची हद्द आहे. फोटो काढायला मनाई, आत जायला मनाई.”

“फोटो काढ की,” कीर्तना म्हणाली. “हवे तेवढे.”

घरी परतताना रस्ता तिच्या पायांना लागतच नव्हता.

इकडे हरी पहिल्या दिवसापासून त्या बंद दाराशी होता. आजवर त्या घरातलं कोणतंच दार त्याच्यासाठी बंद नव्हतं. तो दाराला कपाळ टेकवून उभा राहायचा आणि गुणगुणायचा. मग बोटांनी टकटक करायला लागला. आणि कीर्तना रंजनीकडे गेलेली असताना त्यानं दारावर डोकं आपटायला सुरुवात केली. सीतालक्ष्मीनं मध्ये उशी धरली, गाणं लावलं, पाणी दिलं. शेवटी त्याच्या भुवईवर रक्त दिसलं तेव्हा तिनं कडी काढली. पाच मिनिटं, तिनं स्वतःला सांगितलं. मी त्याला धरून उभी राहीन.

कीर्तना घरात शिरली तेव्हा घर गप्प होतं. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. आई जमिनीवर भिंतीला टेकून बसलेली, तोंडावर पदर, डोळ्यांतून पाणी. पण ती हसत होती.

“एकही फुटली नाही गे,” ती कुजबुजली. “अस्क्या बाहुल्या, सगळ्याच्या सगळ्या, त्यानं स्वतः उतरवल्या. एक पण नाही फुटली.”

पायऱ्या रिकाम्या होत्या. धोतर नीट घडी करून बाजूला ठेवलेलं होतं. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बाहुल्या जमिनीवर आडव्या झोपवलेल्या, उंचीप्रमाणे, डोकी एका रेषेत. लाकडाची राणी, तिच्याहून जराशी बुटकी सरस्वती, मग वाणी, मग पोलीस. पंगतीतली माणसं पानांवरून काढून पालथी निजवली होती, कारण ती पाठीवर टेकत नव्हती. पूल सपाट करून ठेवला होता. मोहरीची रोपं एकेक करून उपटून ओळीत मांडली होती, सगळी मुळं एकाच दिशेला. हरी मांडी घालून बसला होता आणि एका बाहुलीला केसभर सरकवत होता. तो गुणगुणत नव्हता. इतका शांत चेहरा कीर्तनानं त्याच्या झोपेतही पाहिला नव्हता.

तिला ओरडायचं होतं. तिनं सुंडलची पुडी ओट्यावर ठेवली.

व्यासराज आले, दारात थबकले, मग त्यांनी फोन काढला. व्हिडिओ घेतला आणि सईबाई आत्याला पाठवला. आत्याचा लगेच फोन आला, ती रडतच होती. “व्यासा, देवीनं त्याच्या हातून करवलं रे. पोरगं कधी एका जागी बसलं होतं का?” आणि मग तिच्या लक्षात आलं. दसऱ्याच्या रात्री एक बाहुली आडवी करून कोलू निजवतात, त्यानंतर तो संपतो. “पण आता त्यानं निजवला. निजवलेला कोलू उठवत नाहीत. असाच राहू द्या.”

“अक्का,” व्यासराज अडखळत म्हणाले, “शनिवारी कीर्तूच्या मैत्रिणी येणार आहेत…”

“येऊ देत की. निजलेला बघतील. त्यात काय?”

व्यासराजांनी कीर्तनाकडे पाहिलं. त्यांना तिचं मन कळत होतं, हे तिला दिसलं. त्यांनी नजर खाली केली, हेही दिसलं.

सकाळी हरी अंघोळीला गेला तेव्हा तिनं धोतर पुन्हा अंथरलं. सगळा नको, एकच पायरी, तिनं ठरवलं. पंगत तर माझी आहे, मी आणलेली. पानं मांडली, एकेक माणूस बसवला, वाढपी उभा केला. तेवढ्यात हरी ओल्या अंगानं दारात आला. ओळीतली मोकळी जागा त्यानं पाहिली आणि किंचाळला. तो आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला असणार. त्याचे दात मनगटात रुतले. कीर्तनानं एका हातानं त्याचं मनगट सोडवलं, दुसऱ्या हातानं पंगतीतली माणसं खाली निजवली. पालथी, तशीच, जिथल्या तिथे. हे सगळं करताना तिला विचार करावा लागला नाही.

आई धावत आली. रागावली नाही. तिनं कीर्तनाच्या डोक्यावरून हात फिरवला.

“राहू दे ना कण्णू. किती वर्षांनी तो असा बसलाय. तुझ्यामुळेच झालं हे. तू कोलू मागितला नसतास तर?”

आईला हे मनापासून वाटत होतं. त्याच उत्साहात तिनं सेंटरमध्ये फोन केला. डायरेक्टर मॅडमना, थेरपिस्टना, सगळ्यांना बोलावलं, शनिवारी. “तुझ्या मैत्रिणीही येऊ देत,” ती म्हणाली. “त्यांनाही कळू दे हरी काय करू शकतो.”

कीर्तना बाल्कनीत गेली. मशीन चालू होतं. त्याच्या मागे उकिडवं बसून तिनं रंजनीला मेसेज केला की घरी ताप आहे, येऊ नका. रंजनीनं रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग पाठवली आणि खाली लिहिलं, एअर फोर्स!

शनिवारी घर भरलं. त्या घरात एवढ्या चपला पूर्वी कधी दिसल्या नव्हत्या. पाहुणे खोलीच्या दारातून वाकून बघत होते, टाळ्या वाजवायच्या नाहीत म्हणून हात नुसते हलवत होते. कोणी म्हणालं, त्याच्या डोक्यात केवढी शिस्त आहे बघा. कोणी म्हणालं, याचं प्रदर्शन करायला हवं. सीतालक्ष्मीनं मोरपंखी रेशमी साडी नेसली होती आणि ती प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होती. सईबाई आत्या तांबरमहून अनारशासारखं अधिरसम घेऊन आली होती. कीर्तना सुंडलच्या वाट्या भरत होती. आईनं सांगितलं म्हणून तिनं एक गाणंही म्हटलं, दारात उभी राहून, हरीला त्रास होणार नाही अशा आवाजात.

स्वरदा उशिरा आली. तिनं ती ओळ पाहिली, रिकाम्या पायऱ्या पाहिल्या, दाराची वरची कडी पाहिली, आणि थेट स्वयंपाकघरात आली.

“कीर्तना, हे तुझं होतं ना?”

कीर्तनानं होकारार्थी मान हलवली.

“मी आईशी बोलते. आत्ता.”

“नको मॅम.”

“का नको? हे असं चालणार नाही गं. तू सांगितलं नाहीस तर त्यांना कळणार कसं?”

बाहेर आई काही तरी म्हणाली आणि सगळे हसले. आईचं हसू त्यात वेगळं ऐकू आलं. पातळ, सवय नसलेलं.

“आत्ता ती हसतेय,” कीर्तना म्हणाली.

तेवढ्यात डायरेक्टर मॅडमनी हाक मारली, फोटो काढायचाय, सगळे या. स्वरदानं कीर्तनाच्या खांद्यावर हात ठेवला, क्षणभर ठेवला, आणि गेली. त्या फोटोत ती कडेला उभी आहे, हसलेली नाही. फोटो कीर्तनानंच काढलेला असल्यामुळे कीर्तना त्यात नाही.

दसरा झाला, बाहुल्या खोक्यांत गेल्या नाहीत. हरी त्यांना उचलू देईना, आणि उचलायचं कोणाच्या मनातही नव्हतं. ती खोली हरीची झाली. कीर्तनाची चटई आणि पुस्तकं बाहेरच्या खोलीत आली. रोज सकाळी हरी अंघोळीला गेला की ती फडक्यानं बाहुल्या पुसायची, जागा न हलवता. हे काम तिच्याकडे कधी आलं हे कोणालाच आठवत नव्हतं. स्वरदा डिसेंबरात पुण्याला परत गेली, वडिलांची तब्येत बिघडली म्हणून. जाण्याआधी ती घरी येऊन आईवडिलांशी दीड तास बोलली. ते दोघं मान खाली घालून ऐकत राहिले आणि म्हणाले, खरं आहे मॅडम, अगदी खरं आहे. शनिवारचा गट बंद पडला. बारावी झाल्यावर कीर्तनाला तिरुचीच्या कॉलेजात प्रवेश मिळत होता. घरात कोणीही तिला जाऊ नको म्हटलं नाही. तिनं तांबरमचं कॉलेज घेतलं, घरून जाण्यायेण्यासारखं. आत्या म्हणाली, समजूतदार पोर.

कॉलेजात गेल्यावरचं पहिलं नवरात्र आलं. रंजनी आता दुसऱ्या कॉलेजात होती, तरी तिनं आग्रहानं बोलावलं. कीर्तना गेली. रंजनीकडे वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या एक बाई बसल्या होत्या, गप्पिष्ट, सगळ्यांची चौकशी करणाऱ्या. कीर्तना तंजावूरकडची मराठी आहे हे कळल्यावर त्यांना फार कौतुक वाटलं.

“मग तुमच्याकडच्या बाहुल्या जुन्या असतील! तंजावूरच्या. कधी येऊ बघायला?”

रंजनी सुंडल वाढत होती. तिनं मान वर केली.

“आमच्यात कोलूची पद्धत नाही, आंटी,” कीर्तना म्हणाली.

रंजनी तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं चमचा पुन्हा भांड्यात बुडवला आणि कीर्तनाची वाटी काठोकाठ भरली.